मालक खेळत आहेत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अप्पा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून आधीच सांगते, मुद्दामच लिहिलेलं नाही. वर्षभर आपण बोललो नाही. फोन तुम्ही उचलत नाही, आणि चुकून उचललात तर "कोण बोलतंय" म्हणून ठेवून देता. तेव्हा कागदावर उतरले. कागद तुम्ही वाचता एवढी खात्री आहे, नोंदणी ऑफिसात जन्म गेला तुमचा.

कामाचं तेवढं लिहिते. दादाचा कॉम्प्युटर तुम्ही विकलात का? विकला असेल तर कुणाला, ते कळवा. भांडायला म्हणून विचारत नाही. घाबरून विचारतेय.

तुम्हाला समजेल असं सांगते. दादाचे गेम म्हणजे दुकानातून आणलेल्या वस्तू नव्हेत. ते सगळे एका कंपनीच्या कपाटात असतात, आणि आपण पैसे भरले की त्या कपाटातून खेळायला मिळतात. दादाच्या खात्यावर दोनशेच्या वर गेम आहेत. त्यानं त्या कपाटाची एक किल्ली मला दिली होती. घरच्या माणसाला अशी किल्ली द्यायची सोय कंपनीच करून देते. अट एकच, दोघांनी एकाच वेळी खेळायचं नाही. मी खेळत असताना तो येऊन बसला, तर माझ्या पडद्यावर पाटी येते: मालक खेळत आहेत, आपल्याकडे पाच मिनिटं आहेत. मग मी मुकाट्यानं बाहेर.

तो होता तेव्हा ही पाटी रोजची होती. मी दुपारी खेळते. लॅबमध्ये कवळीच्या साच्यात प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत हात रिकामे असतात, आणि माझी खोली लॅबच्या वरच आहे. तोही लिफ्टदुरुस्तीची कामं टाकून त्याच वेळी घरी जेवायला यायचा. लहानपणी आपल्याकडे एकच कॉम्प्युटर होता, आठवतंय ना? दादा शाळेतून आला की माझ्या खुर्चीमागं उभा राहून म्हणायचा, "उठ बुटके, मालक आले." कंपनीनं ती पाटी त्यालाच विचारून लिहिली असावी, असं मी त्याला चिडवायचे.

या महिन्यात त्याला जाऊन वर्ष होईल. काल दुपारी ती पाटी आली.

त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. वर्षभर तिथं राखाडी ठिपका होता आणि मला त्याची सवय झाली होती, म्हणजे झाली असं मी स्वतःला सांगत होते. पाच मिनिटं मी नुसती बघत बसले. मग गेम बंद झाला. आज पुन्हा तेच झालं.

दादा गेल्यावर आठ दिवसांत तुम्ही त्याचं सगळं बंद केलंत. फोन, बँक, वाचनालय. एकेका खिडकीवर स्वतः उभे राहिलात आणि नावापुढं 'मयत' लिहून घेतलंत. मी तेव्हा म्हणाले ते शब्द आजही मागं घेत नाही: आजारानं त्याला एकदा मारलं, तुम्ही ऑफिसच्या वेळेत पुन्हा मारलंत. हे एक खातं वाचलं, कारण ते तुम्हाला माहीत नव्हतं. आता त्यात कुणीतरी शिरलंय. उत्तर लवकर द्या.

तुमची मुलगी

·

रविवार, १६ फेब्रुवारी

अप्पा,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोचपावतीच ती. "यंत्र विकलेले नाही. कपाटास कुलूप आहे व किल्ली माझ्यापाशी आहे." खाली सही, तारीख. शिक्का तेवढा राहिला.

तुम्ही खोटं लिहीत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच परवापासून माझी झोप उडाली आहे. यंत्र कुलपात, मग हा कोण?

दोनशे गेमपैकी तो एकच खेळतो, ट्रकचा. दादाला काय काय आवडायचं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता न विचारता सांगते. एक दीपगृहाचा गेम त्याला फार आवडायचा. त्यात दिवा लावायचा, काच पुसायची आणि लांबून जाणारी जहाजं बघायची, बस्स. मी म्हणायचे, अरे हे तर काम झालं. तो म्हणायचा, दिवसभर लिफ्टच्या विहिरीत अंधारात लोंबकळणाऱ्या माणसाला विचार. मला स्वतःला डब्यातून आलेला एक जुना गेम सगळ्यांत प्रिय आहे. बर्फातलं एक छोटं स्टेशन असतं आणि आपण तिथले स्टेशनमास्तर. त्याची तबकडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती मी विकू शकते, हरवू शकते, मैत्रिणीला देऊन परत मागायला विसरू शकते. त्याला म्हणतात माझं. यावरून आमचं वाजायचं. दादा म्हणायचा, तबकडीवर चरे पडतात, कंपनीच्या कपाटातलं कायम राहतं. मी म्हणायचे, कंपनी राहील, कपाट राहील, तुझं काय राहील? थट्टेत म्हणायचे हो.

तर ट्रकचा गेम. त्यात माल घेऊन गावोगाव जायचं. मोठा नकाशा आहे, आणि ओळखीच्या लोकांचे ट्रक आपल्याला त्यावर दिसतात. गॅरेजांना हवी ती नावं देता येतात. दादानं एकाचं नाव ठेवलं 'घर', आणि लांब दुसऱ्या टोकाच्या गावातल्या गॅरेजाचं 'बुटकी'. मी इकडे नोकरीला आले त्या आठवड्यात ठेवलं ते. घर ते बुटकी ही त्याची नेहमीची फेरी.

दवाखान्यात जाण्याच्या दिवशी त्यानं ट्रक अर्ध्या रस्त्यात सोडला होता. वर्षभर तो तिथंच उभा होता, मागं ट्रेलर, त्यात माल. आता तुम्ही हसाल तर हसा. मी रोज दुपारी माझा ट्रक तिथवर न्यायचे, त्याच्या ट्रकशेजारी लावायचे आणि दोनदा हॉर्न द्यायचे. ती आमची खूण होती. मग परत फिरायचे. माणसं फुलं घेऊन जातात तसं माझं ते होतं.

तो ट्रक आता तिथं नाही, अप्पा. 'घर'च्या अंगणात उभा आहे. मी त्या रिकाम्या रस्त्यावर जाऊन हॉर्न दिला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

भुतालाही राहायला एखादं झाड असतं म्हणतात. दादाला भूत व्हायचं झालं तर राहणार कुठं? त्याचं स्वतःचं असं काय ठेवलंत तुम्ही? मग वाटतं, हेच ठेवलं गेलं, म्हणून इथंच आला असेल. लॅबमधल्या ताई म्हणतात, तुझा रंग उतरलाय. कालच्या कवळीला मी दोन सुळे एकाच बाजूला बसवले.

तुमची मुलगी

·

सोमवार, २४ फेब्रुवारी

अप्पा,

सुटलं एकदाचं. भूत वगैरे काही नाही, चोर आहे. लॅबमध्ये कॉम्प्युटर नीट करायला येतो त्या पोऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मेलेल्या माणसांची खाती हुडकून वापरणारे लोक असतात, कारण तिथं तक्रार करायला कुणी नसतं. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तिथल्या तिथं कंपनीला लिहिलं: हे खातं माझ्या भावाचं आहे, माझा भाऊ गेल्या वर्षी वारला, त्याच्या नावानं कुणीतरी परका खेळतोय, त्याला हाकला.

आज बरं वाटतंय. तुम्हाला कळवावंसं वाटलं, एवढंच. उत्तराची घाई नाही.

तुमची मुलगी

·

गुरुवार, ६ मार्च

अप्पा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

कंपनीचं उत्तर आलं. आधी सांत्वनाचं एक वाक्य, मग तुमच्या ऑफिसला शोभेल अशी भाषा. खातं हे व्यक्तीपुरतं असतं. ते वारसाला मिळत नाही, देता येत नाही, मृत्युपत्रात लिहिता येत नाही. खातेदाराच्या पत्त्यावर त्यांनी एक प्रश्न पाठवला आहे: हे खातं वापरणारे आपणच का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. १८ तारखेपर्यंत 'होय' आलं नाही तर खातं कायमचं बंद. चोराला हाकला म्हटलं होतं, ते घरच पाडायला निघाले. बटणावर 'खरेदी करा' लिहिताना यांचा हात थरथरत नाही, आणि माणूस गेला की म्हणतात खरेदी कसली, तुम्हाला नुसतं बघू दिलं होतं.

पण त्यांना काय बोलणार? 'वारला' हा शब्द मीच लिहिला. तुम्ही खिडकीखिडकीवर जाऊन लिहिलात म्हणून वर्षभर तुमच्यावर राग धरला, आणि शेवटच्या खिडकीवर मी स्वतः जाऊन तोच शब्द लिहून आले. स्वतःच्या हातानं धोंडा आणला आणि स्वतःच्याच पायावर घातला.

ते उत्तर वाचून मी ठरवलं, चोर तर चोर, एकदा त्याचं तोंड बघायचं. दुपारी माझा ट्रक नेऊन 'बुटकी'च्या फाटकासमोर लावला आणि थांबले. तो रोज इथवर येतो हे मला नकाशावरून कळलं होतं, आणि त्या दुपारी त्याचा ट्रक चौकाअलीकडच्या पेट्रोल पंपावर उभा दिसत होता. पाटी आली, मालक खेळत आहेत. पाच मिनिटं माझ्याकडे होती.

लांबून एक ट्रक आला. बैलगाडीच्या चालीनं. चौकात लाल दिवा होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी तो थांबला. दादा त्या सिग्नलला कधी थांबला नाही. हिरवा झाल्यावर वळला, सरळ आला, आणि त्याचा डावा इंडिकेटर चालूच राहिला. अख्खा रस्ता, लुकलुक लुकलुक.

अप्पा, वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करायला विसरणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. स्कूटरवर मी मागं बसायचे आणि मागचे लोक आपल्याला काय काय म्हणायचे ते मला ऐकू यायचं, तुम्हाला नाही.

मी दोनदा हॉर्न दिला. तुमच्या ट्रकचे वायपर सुरू झाले. मग मोठे दिवे लागले. मग पुन्हा वायपर. एका बोटानं हॉर्नचं बटण शोधताना तुम्ही कसे दिसत असाल, ते मला इथं बसून दिसलं. मग तुम्ही ट्रेलर मागं घेऊन गॅरेजात घालू लागलात. तो डावीकडे गेला, खांबाला टेकला. पुढं घेतलात, पुन्हा मागं, पुन्हा खांब. माझी पाच मिनिटं संपली.

खाली लॅबमध्ये मेण वितळत ठेवलं होतं, ते जळालं. मी रडत होते की हसत होते ते ताईंना कळेना. मलाही कळत नव्हतं.

तुम्ही मला का सांगितलं नाहीत?

बुटकी

·

शनिवार, १५ मार्च

ती. अप्पांस,

तुमचं पत्र आलं. चार पानं! तुमच्या हातची चार पानं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यातली दोन कंपनीच्या शर्तींवर आहेत. त्या शर्ती शेवटपर्यंत वाचणारे तुम्ही बहुधा जगातले पहिलेच. "हे खरेदीखत नव्हे. भाडेपट्टाही नव्हे, कारण भाडेपट्ट्यात मुदत लिहावी लागते." हे वाक्य दादाला ऐकवायला हवं होतं. त्यानं ते लिफ्टमध्ये लावलं असतं.

"कपाटात यंत्र आहे असे मी लिहिले नव्हते." हेही वाचलं. बरोबर आहे. कुलूप कपाटाला होतं, यंत्र टेबलावर होतं. सरळ माणूस लपवायला लागला की असा लपवतो.

बाकी पत्र मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. टेबल पुसताना तुमचा हात बटणाला लागला, यंत्र आपोआप उघडलं, आणि पडद्यावर तो ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा. तुम्ही लिहिता, "गाडीत माल होता व तो पोचलेला नव्हता. कुणाचा तरी असणार, म्हणून पोचवावयास निघालो. काच आहे, सावकाश न्यावी लागते." खोटा माल, खोटा रस्ता, आणि तुम्हाला हे सगळं खोटं आहे ते ठाऊक होतं, असंही पुढं लिहिलंय. "परंतु त्याच्या खिडकीतून त्याला दिसत असे तोच रस्ता मला दिसतो. तो बसत असे त्या जागी बसतो. तो कुठे निघाला होता हे पाटी वाचेपर्यंत मला माहीत नव्हते."

ट्रेलरवरच्या पाटीवर 'बुटकी' होतं.

मला हेही नव्यानं कळलं, की त्याचा शेवटचा माल माझ्याकडेच येत होता. मी वर्षभर त्या ट्रकशेजारी उभी राहत होते, आणि मागं जाऊन ती पाटी वाचून माल कुठं चाललाय ते कधी पाहिलं नाही.

तुम्ही लिहिता, रोज माझ्या दारापर्यंत येता, आत घेता येत नाही, रस्त्यात आडवी सोडणं बरं नाही म्हणून परत नेता. आणि शेवटी, "कंपनीचा प्रश्न आला आहे. उत्तर देणे आहे." त्यापुढं काहीच नाही.

अप्पा, मी काही मागत नाही. आईच्या आजारपणात घराच्या कागदावर तिची सही हवी होती, तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, साहेब, तुमचंच ऑफिस, करून टाका, कोण विचारतंय. तुम्ही तिला खुर्चीत बसवून दोन जिने वर चढवलीत. आई जिनाभर हसत होती, म्हणत होती की लग्नातसुद्धा माझी एवढी मिरवणूक निघाली नव्हती. ज्याचं नाव त्याचीच सही, हे तुम्ही आम्हाला जेवणाच्या ताटावर शिकवलंत. 'आपणच का?' याला खरं उत्तर एकच आहे. तुम्ही तेच द्याल, आणि या खेपेस मी तुमच्यावर रागावणार नाही. शपथेवर सांगते. तो शब्द लिहिताना हात कसा चालतो ते मला आता माहीत आहे. वर्षभर तुम्ही घरी परत आल्यावर एकटे काय करत असाल, याचा विचार मी केला नव्हता. तो आता करते.

तीन दिवस आहेत. तेवढ्यात माल पोचावा, असं मात्र फार वाटतं. म्हणून मागं घ्यायची रीत सांगते. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. उलट असतं सगळं. एका वेळी थोडंच. बिघडलं तर जोर करायचा नाही, पुढं घेऊन पुन्हा सरळ करायचं. आरशात बघा, आरसे दादानं लावून ठेवलेत. हॉर्नचं बटण उजव्या करंगळीशी.

बुटकी

·

बुधवार, १९ मार्च

ती. अप्पांस,

काल मी कॉम्प्युटर उघडला नाही. माझ्यात तेवढा धीर नव्हता. दिवसभर खालीच बसून दात घासूनपुसून ठेवले, ज्यांची घाई नव्हती तेही. मनात त्याचा दिवस पुन्हा आल्यासारखं झालं होतं, दवाखान्यातला, डॉक्टर दार उघडून बाहेर येतात तो.

आज दुपारी प्लास्टर ओतलं आणि वर आले. म्हटलं, रिकामं कपाट तरी बघून घ्यावं. बघते तर सगळं जागच्या जागी. दीपगृह, ट्रक, सगळं. मला वाटलं, कंपनीचं काम ढिलं असेल, उद्या करतील. त्याच्या नावापुढं राखाडी ठिपका होता. मी ट्रकचा गेम उघडला आणि नकाशावर 'घर'चं अंगण पाहिलं. ट्रक तिथं नव्हता.

माझा ट्रक घेऊन 'बुटकी'ला गेले. फाटक उघडं होतं. आत तुमचा ट्रक उभा होता, वाकडा, एक चाक कट्ट्यावर चढलेलं, पण आत. ट्रेलर रिकामा. बाजूला फळ्यावर ओळ आली होती: काच, पोचली, नग शाबूत. खाली माल आणणाऱ्याचं नाव, दादाचं. डावा इंडिकेटर चालू.

मी तिथं किती वेळ होते कोण जाणे. मग माझ्या पडद्यावर पाटी आली. मालक खेळत आहेत.

क्षणभर, अप्पा, अगदी क्षणभर मी ती जशी आहे तशीच वाचली. आणि मला भीती वाटली नाही. समोरच्या ट्रकचे दिवे लागले. वायपर लागले नाहीत. हॉर्न वाजला, दोनदा.

तुम्ही कुठलं बटण दाबलंत ते मला विचारायचं नाही. तुम्हीही कधी कागदावर लिहू नका. तुमच्या हातचा खोटा कागद या जगात असू नये, एवढी माझी इच्छा आहे. रविवारी मी घरी येतेय. तेव्हा हवं तर बोलू, नाहीतर नुसते बसू. तुम्ही टेबलाशी बसा, मी मागं उभी राहीन.

पाच मिनिटं होती, पण मी ती घेतली नाहीत. मालक आले होते. मी उठले आणि खुर्ची मोकळी केली.

बुटकी